झालं आणि केलं

आकुर्डी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मारुतीस,
आक्काचे अ. उ. आ.

तुझे फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. तू फोन स्पीकरवर टाकतोस, भोवती सगळी भावकी बसलेली असते, आणि बहीण-भावाचं बोलणं पंचायतीत मांडल्यासारखं होतं. म्हणून पत्र. आधी एकटा वाच, मग दीपमालाला दे.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. काल इथे मोर्चा निघाला, त्यात मी चालले. तुझा अजिंक्य आणि त्याचे दोघे सोबती घरी परतल्यापासून इकडे दुसरा विषय नाही. दीड वर्ष घरीच देखरेखीखाली राहायचं, समुपदेशनाला जायचं आणि रविवारी वृद्धाश्रमात सेवा करायची, एवढ्यावर बाल न्याय मंडळानं सोडलं म्हणून लोक पेटले आहेत. तुझ्या मागच्या खोल्यांत राहणाऱ्या भाडेकऱ्याच्या लेकीवर तिघांनी मिळून अत्याचार केला, आणि त्याला ही शिक्षा? मारुती, पंधरा वर्षांच्या पोरांना फासावर द्यावं असं मला वाटत नाही. पण म्हाताऱ्यांच्या पंगतीत वरण वाढून हे फिटतं, असंही वाटत नाही. या दोन्हींच्या मधे कुठेतरी मी चालत होते.

मोर्चाचं म्हणशील तर तोही काही सोवळा नव्हता. फ्लेक्सवर मुलीच्या न्यायाची दोन वाक्यं आणि हात जोडलेल्या पुढारी दादासाहेबांचा फोटो हत्तीएवढा. मोटरसायकली गुरगुरवत पुढे चाललेली पोरं तीच, जी कॉलेजच्या कोपऱ्यावर मुलींना शिट्ट्या घालतात. शेजारच्या गोजाबाई फाशी द्या, फाशी द्या म्हणून घसा फोडत होत्या आणि श्वास घ्यायला थांबल्या की माझ्या कानात विचारत होत्या, की पण ती पोरगी तिन्हीसांजेची गच्चीवर कशाला गेली असेल हो? मी म्हटलं, वाळलेले कपडे काढायला. तुम्ही नाही जात? त्यांनी पुढची घोषणा उचलली. मी त्यांतल्या एकाची आत्या आहे, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. पोरांनी अजिंक्यचं नाव घेतलं तेव्हा माझे ओठ हलले नाहीत. पाय मात्र थांबले नाहीत.

तुझे दाजी कंपनीतून आले की मला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे, कारण मला तेव्हा अक्षर जुळवत बसावं लागे. ते गेल्यावर वाचून दाखवणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी शिकले. आता सगळं वाचता येतं, आणि त्यात हे वाचावं लागलं.

एकच सांगायचंय. गेल्या वेळी फोनवर तू म्हणालास, पोराकडून चूक झाली. मी साड्यांना फॉल लावते. फॉल उलट्या बाजूनं लागला तर ती चूक. उसवता येते. हा शब्द माझ्याशी बोलताना पुन्हा वापरू नकोस.

दीपमालाला औषध वेळेवर घ्यायला सांग. मोर्चात चालले तरी बहीण आहे, एवढं ध्यानात असू दे.
तुझी,
आक्का

•

चाकण,
१६ फेब्रुवारी

ती. आक्कास,
मारुतीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच तुझा फोटो आला. भावकीतल्या धनेशनं गावच्या ग्रुपवर दाखवला. फ्लेक्सच्या मागं पदर खोचून चाललीस, जशी इलेक्शनला उभी हायस. लोकं मला विचारत्यात, मारुतराव, ही तुमचीच आक्का ना? मी म्हटलं व्हय, आमचीच. दुसरं काय म्हणणार.

तू लिवलंस ते वाचलं. शब्दावर एवढं कशाला धरतीस? वकील तसंच म्हणतो, मंडळाच्या कागदातबी तसंच हाय, घडलेल्या चुकीबद्दल पश्चात्ताप. आमी अडाणी, आमी कुठून दुसरा शब्द आणायचा? तू पुस्तकं वाचतीस.

खरं वाटोळं निकालानं न्हाई, त्या व्हिडिओनं झालं. पोरगं कितीतरी महिन्यांनी निरीक्षणगृहातनं घरी आलं. दीपमालानं उंबऱ्यावर थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्याला पाणी लावलं. तूबी केलं असतंस. लांबचा प्रवास करून, दवाखान्यातनं आलेल्या माणसाची आपल्यात अशीच दृष्ट काढत्यात. पण कुणीतरी मोबाईल धरला, आणि शहरभर झालं की आरोपीचं औक्षण केलं, सत्कार केला. रडत व्हती गं ती. व्हिडिओत रडणं दिसत न्हाई, हात फिरताना तेवढा दिसतो.

आता ऐक. शाळा त्याला घेत न्हाई. रस्त्यानं जाता येत न्हाई. कंपनीची पोरं दारावरनं जाताना थुंकत्यात. वर गावातली म्हातारी माणसं पाठ थोपटून म्हणत्यात, पोरंच हायत, बाहेरनं आलेल्यांनी गाव नासवलं. मला तेबी नको वाटतं, खोटं कशाला बोलू.

मंडळाच्या बाई म्हणाल्या, जवळचं नातेवाईक जबाबदारी घेत आसंल तर पोराला दुसऱ्या पत्त्यावर ठेवता येईल. आक्का, तू एकटी हायस. दाजींची खोली रिकामी हाय. आकुर्डीत त्याला कुणी वळखत न्हाई. बाहेरनं दहावी करंल, तुझ्या धाकात राहील. तू एक सही करायची. भाऊबीजेला मी दर साली विचारतो काय पाहिजे, आणि तू दर साली म्हणतीस काय नको. आता भाऊच मागतोय.

सरकारनं वरच्या कोर्टात अपील केलंय, तारीख मार्चात हाय. त्याच्या आत पोरगं चांगल्या घरात दिसलं पाहिजे, असं वकील म्हणतो.

रागावलीस तरी माया तोडू नको.
तुझा,
मारुती

•

आकुर्डी,
२३ फेब्रुवारी

चि. मारुतीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खरंच ती खोली झाडून घेतली. खिडकीला पडदा नाही, तो शिवावा लागेल, इथवर विचार गेला. पोराला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. त्याला माझ्या हातची शेंगुळी आवडतात हे मी विसरलेले नाही. तू समजतोस तेवढी मी कठीण नाही.

दीपमालाच्या भाकरतुकड्याबद्दल तू लिहिलंस. मी तिला बोल लावणार नाही. पण वाचल्यावर एक गोष्ट मनातून जाईना. ती मुलगी दवाखान्यातून तुझ्या खोलीवर परत आली, तेव्हा तिच्यावरून कुणी भाकरतुकडा टाकला? तुझ्याच अंगणात आली होती ना? महिना संपायच्या आत तू त्यांना खोली सोडायला लावलीस.

जत्रेला मी यायची तेव्हा ती पोरगी अजिंक्यचं ऐकून मला आत्या म्हणायची. तिचं नाव मी लिहीत नाही. कायदा लिहू नये म्हणतो, आणि मलाही तेच बरं वाटतं.

मी त्यांना शोधलं. तुझे दुसरे एक जुने भाडेकरू सुजित रिक्षा चालवतात, त्यांनी आधी तिच्या आईला विचारलं आणि मग मला रावेतला नेलं. तिची आई एका पॅकिंगच्या कारखान्यात लागली आहे. मला पाहून तिनं दार उघडलं, पण बसा म्हणाली नाही. आम्ही दोघी उभ्याच. मग ती म्हणाली, की मोर्चावाले येऊन गेले, दादासाहेबांबरोबर फोटो काढू म्हणाले, तोंड बांधून चालेल म्हणाले. तिनं त्यांना सांगितलं, की मला फोटो नको, फाशी द्यायची का नाही ते तुमचं तुम्ही बघा, माझी पोरगी रस्त्यानं जाईल तेव्हा तो समोर येणार नाही, एवढं कोण लिहून देतं ते सांगा. त्यावर म्हणे ते उठून निघून गेले.

मारुती, मुलीनं अकरावीला आकुर्डीच्या कॉलेजात नाव घातलंय. स्टेशनवर बसमधून उतरून ती माझ्या गल्लीच्या तोंडावरून चालत जाते. रोज. तू म्हणतोस आकुर्डीत त्याला कुणी ओळखत नाही. एकजण ओळखते.

म्हणून माझं उत्तर नाही. सही करणार नाही. तो माझ्या घरी राहणार नाही. तुला याचं वाईट वाटेल, मला वाटतंय तेवढं वाटेल की नाही माहीत नाही.

मी निघताना ती मुलगी आतून बाहेर आली. उंच झाली आहे. आत्या म्हणाली नाही, आणि दुसऱ्या कुठल्याच नावानं हाक मारली नाही. तिनं एवढंच विचारलं, की तो म्हणतो का, की त्यानं केलं? मंडळासमोर तिन्ही मुलं म्हणाली होती झालं, मस्तीत झालं, कळलं नाही कसं झालं. ती म्हणाली, की शिक्षेचं मला कळत नाही, पण सगळे झालं झालं म्हणतात तेव्हा वाटतं, की मग ते मीच केलं की काय.

या प्रश्नाचं उत्तर तुझ्याजवळ आहे. घरातल्या घरात पोराला विचार.

तुझं मागणं पहिलंच होतं, तेही मी पुरवलं नाही. तरी भाऊ म्हणून घ्यायचं की नाही, ते तू ठरव.
आक्का

•

चाकण,
७ मार्च

ती. वन्सं यांना,
दीपमालाचा सा. न.

यांनी तुमचं पत्र वाचून चुलीपाशी टाकलं. जाळलं न्हाई, नुसतं टाकलं. मग मी वाचलं. हे म्हणतात, माझं बहिणीचं घर बंद झालं. तुमचं नाव काढलं की उठून रानात जातात.

अजिंक्यला विचारायचं धाडस यांना झालं न्हाई. मी विचारलं. भाकरी वाढता वाढता विचारलं, की बाळा, त्या दिवशी काय केलंस? तो पाठ केलेलं बोलला, मस्तीत झालं. मी म्हटलं, पाऊस होतो, आजार होतो, हे कसं झालं? आभाळातनं पडलं का? तो ताटावरनं उठला. गोठ्यात जाऊन बसला. मी हाक मारली न्हाई.

दुपार कलल्यावर आला आणि उभ्यानंच म्हणाला, की ती नको म्हणत होती, ते मला ऐकू येत होतं, तरी मी केलं. वन्सं, हेच ऐकायला मी विचारलं होतं. ऐकल्यावर वाटलं, बहिरी असते तर बरं. तेव्हापासनं त्याला जेवायला वाढते, पण तोंडाकडं बघवत न्हाई. आणि तो मात्र आता रात्रीचा झोपतो. आधी झोपत नव्हता.

तो म्हणतो, मी हे कोर्टातल्या साहेबांपुढं सांगणार. वकिलाला कळलं तसा तो इथं धावत आला. म्हणाला, पोरगं असं बोललं तर वरचं कोर्ट दीड वर्षावर थांबणार न्हाई, घरी ठेवणार न्हाई, सुधारगृहात पाठवतील. यांनी अजिंक्यला दम दिला, मला बोलले, की तूच त्याला खड्ड्यात घालतीस. गावात पाठ थोपटणारी म्हातारी माणसंबी आता म्हणतात, बाईला अक्कल न्हाई. इतके दिवस शहर माझ्यावर थुंकत होतं, आता गावबी.

मी ठरवलंय. अठरा तारखेला वरच्या कोर्टात तारीख हाय, मी त्याला घेऊन येते. हे येणार न्हाईत. भावकीतलं कुणी येणार न्हाई. आत आपल्याला सोडत न्हाईत, बाहेर बाकावर बसावं लागतं. तुम्ही त्या बाकावर माझ्याशेजारी बसाल का? एवढंच मागते. एकटीला तिथं बसवणार न्हाई.

मोठेपणानं सांभाळून घ्या.
तुमची,
दीपमाला

•

आकुर्डी,
१२ मार्च

चि. सौ. दीपमालास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि तशीच रावेतला गेले. तू विचारलं नव्हतंस, पण त्या मुलीनं मला प्रश्न घातला होता, तिचं देणं आधी होतं. अजिंक्य बोलला ते वाक्य मी तिला होतं तसं सांगितलं. माझं एक अक्षर घातलं नाही. तिनं मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं. तिची आई आणि मी बाहेर बसलो. आई म्हणाली, की हे त्यानं तिथं सांगितलं तर मी मानीन, इथं तुमच्या तोंडून नको. मग म्हणाली, बसा, चहा टाकते.

तुझा भाकरतुकडा लोकांनी भलताच समजला, आणि हेही समजतील. कुणी म्हणेल वकिलाची चाल, कुणी म्हणेल शिक्षा कमी करायला रडतंय. गोजाबाईंना मी परवा सांगून टाकलं की तो माझा भाचा. त्या साडी परत घेऊन गेल्या, फॉल न लावताच. जाऊ दे. ज्यांना फाशी हवी त्यांना तुझ्या पोराचं खरं बोलणं पुरणार नाही, आणि ज्यांना तो लहान वाटतो त्यांना ते नको आहे. ते ज्या घरात पाहिजे आहे तिथे मी जाऊन आले.

आता तुझ्या मागण्याचं. दीपमाला, मी अठराला येणार आहे. पण तुझ्याशेजारी बसणार नाही. तिची आई यायची आहे, तिचा नवरा शिफ्ट सोडू शकत नाही, तीही एकटीच आहे. मी तिच्याशेजारी बसणार. तिनं नको म्हटलं तर उभी राहीन. हे वाचून तू पत्र टाकून देशील, दे. पण अठराला ये. पोराचा हात धरून आत नेऊ नकोस, त्याला त्याच्या पायानं जाऊ दे.

तो आत गेल्यावर तू मान खाली घालून बसशील. त्या बाकावर तुला माझ्याकडे बघवणार नाही, मलाही तुझ्याकडे. चालेल.

कोर्टानं त्याला सुधारगृहात पाठवलं, तर भेटीचा दिवस कोणता ते मला कळव. मारुती आला नाही तरी चालेल. त्या दिवशी मी चाकणला येते, आणि आपण दोघी एकाच गाडीनं जाऊ.

लोभ कमी झाला असं मनात आणू नये.
तुझी,
वन्सं