निळ्यांनी मला विचारलं होतं

४ ऑगस्ट
प्रॅक्टिस संपवून बाहेर पडलो तर समोरच्या कॉफी शॉपमध्ये मेहुणा. आणि त्याच्यासमोर निळ्या टीमचा मॅनेजर! मॅनेजर स्वतः उठून त्याच्यासाठी साखर घेऊन आला.
मेहुणा आमच्या व्हॉलीबॉल टीमचा फिटनेस ट्रेनर. करार अजून अख्खा सीझन आहे. दुसऱ्या टीमच्या माणसाला त्या टीमच्या परवानगीशिवाय फोडायला जाणं म्हणजे टॅम्परिंग. लीगच्या नियमात साफ बंदी.
मी असिस्टंट कोच. त्याच्याहून कितीतरी सीनियर. त्याला इथे चिकटवला तोही मीच. फोडायचंच होतं तर... पण तो मुद्दा नाही. मुद्दा तत्त्वाचा आहे.

५ ऑगस्ट
ठरलं. तक्रार करायची नाही. बायकोचा सख्खा भाऊ आहे.

५ ऑगस्ट, जेवणानंतर
बायको म्हणाली, दादाच्या हातात जादू आहे हो, पोरं कशी उंच उड्या मारायला लागलीत. नेट कोण बांधतं, ते नाही विचारलं.
लीगकडे निनावी तक्रार पाठवली. खाली सवयीने सही झाली. हुद्द्यासकट.

९ ऑगस्ट
लीगच्या चौकशीबाई आल्या. पूर्वी पोलिसात होत्या म्हणे. कुणी एकही मेसेज डिलीट करायचा नाही, अशी तंबी. सगळ्यांचे फोन कॉपी करायला घेतले. त्याच वेळी निळ्यांच्या ऑफिसातही त्यांची माणसं, म्हणजे दोन्हीकडे संगनमत नको. कॉफी शॉपचा कॅमेरासुद्धा तपासला.
मेहुण्याचा फोन संध्याकाळपर्यंत ठेवून घेतला. माझा चहा निवायच्या आत परत. स्वच्छ माणसाचा फोन असाच असतो. तरी जरा लागलंच.

१० ऑगस्ट
एकेकाला किटरूममध्ये बोलावून जबाब. मेहुण्याविषयी मी अत्यंत संयमाने बोललो. फक्त लोभी, उथळ आणि नशीबवान एवढंच म्हणालो.
शेवटी बाईंनी विचारलं, "तुम्हाला निळ्यांनी कधी विचारलं होतं का?" आणि माझं उत्तर यायच्या आत, मान वर न करता, त्या "नाही" लिहायलाही लागल्या.
मी म्हणालो, "विचारलं होतं की. बऱ्याचदा."
बाईंनी मान वर केली. मग मीही हात आखडता घेतला नाही. दुप्पट पगार, घर, गाडी. सगळं नाकारलं, म्हणालो.
"मग टीमला का नाही कळवलंत? कळवणं बंधनकारक आहे."
म्हणालो, मिरवायचा स्वभाव नाही.
बाई बराच वेळ लिहीत होत्या.

११ ऑगस्ट
आता माझीही चौकशी! टीममध्ये वजन वाढलंय. आज पोरांनी बॉलची जाळी मला उचलू दिली नाही. हेड कोच मात्र सारखे तेच विचारतात, "तुला? निळ्यांनी?"
बायको म्हणाली, अहो, एवढी मोठी गोष्ट मला कशी नाही सांगितलीत? किती वर्षांनी माझ्याकडे असं बघत होती. घर कसं होतं म्हणून विचारलं. बाल्कनी आहे म्हणालो.
उद्या बाईंना खरं सांगून टाकणार.

१२ ऑगस्ट
मॅच आहे. आज बरं दिसणार नाही.

१४ ऑगस्ट
मेहुणा घरी आला. म्हणाला, "भावजी, मला विचारणा झाली त्याच दिवशी मी आपल्या टीमच्या मालकांना सांगितलं. कॉफीलाही त्यांना विचारूनच गेलो. तुम्ही का नाही सांगितलंत? आता तुमच्यावरच शेकेल. वकील बघू का?"
तक्रार माझीच होती, हे त्याला ठाऊक आहे. तरी वकील! या माणसाचा चांगुलपणा मला सहन होत नाही.

२२ ऑगस्ट
सुनावणी. मेहुणा निर्दोष. निळे निर्दोष.
मग माझं प्रकरण. बाईंनी निळ्यांच्या मॅनेजरला माझा फोटो दाखवला. त्याने चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. म्हणाला, "हे तुमच्या ऑफिसातलेच का?"
बाईंचं काम चोख. लीगमधल्या एकूण एक टीमकडे चौकशी केली होती. निकाल मोठ्याने वाचला: सदर व्यक्तीला कोणत्याही टीमने, कधीही, कोणत्याही पदासाठी विचारल्याचा पुरावा आढळत नाही.
मला ताकीद. बायको मागच्या रांगेत होती.

३० ऑगस्ट
पुढच्या सीझनला मेहुणा निळ्यांकडे. सगळं रीतसर. जाता जाता त्याने म्हणे मालकांना गळ घातली, की भावजींनाही निळ्यांशी बोलायची परवानगी द्या.
मालकांनी जागच्या जागी दिली. वर, आजच बोला, म्हणाले.
निळ्यांचं उत्तर दुपारी आलं. नको म्हणतात.