मावशीच्या टपावर

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची! मामा स्टेशनवर घ्यायला आले होते. कडक इस्त्रीचा सदरा, छातीवर त्यांच्या मंडळाचा इंजिनाचं चित्र असलेला बिल्ला, आणि चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचं तेज. मला बघून म्हणाले की वाळलीस. घरी पोचल्यावर मामी म्हणाली की सुटलीस. इतकी वर्षं संसार करून या दोघांचं एका गोष्टीवर एकमत नाही, माझ्या अंगकाठीवर तरी कुठून होणार?

मला कारशेडच्या बाजूची खोली दिली आहे. खिडकीतून रूळ दिसतात, शेडचं लांबच लांब पत्र्याचं छप्पर दिसतं आणि त्याच्या तोंडाशी उभं असलेलं माझं काम दिसतं. या उपनगरी मार्गावरचं सगळ्यात जुनं विजेचं इंजिन. ते मूळच्या रंगात रंगवायचं, नंबर आणि पट्टे हाताने काढायचे, आणि मग चोवीस तारखेला त्याची शेवटची फेरी. आजवर मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. इंजिन रंगवायला मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मामा या शेडचे फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि आता जुन्या इंजिनांच्या हौशी मंडळाचे अध्यक्ष आहेत, म्हणून हे काम मला मिळालं. वशिला आहेच, पण माझा हातही चांगला आहे, हे मामांनी मामीला माझ्यासमोर सांगितलं. फार बरं वाटलं.

बुधवार, ६ मार्च

इंजिनाला सगळे 'मावशी' म्हणतात. का, ते कुणाला माहीत नाही. रुंद कपाळ, दोन गोल दिवे, मध्ये पितळी पाटी. रागावलेली पण प्रेमळ बाई दारात उभी राहावी तशी दिसते. रंग हिरवा, त्यावर सायीच्या रंगाचा पट्टा. जुन्या रंगाचे पापुद्रे खरवडताना खाली आणखी जुने रंग निघतात, आणि मंडळाचे टोपीवाले म्हातारे प्रत्येक पापुद्र्यापाशी हळहळतात. माणसं मुद्दाम बघायला येतात. एक बाई सांगत होत्या की मावशी आली की फलाटावरच्या टपरीतल्या कपबशा आधी वाजायच्या. नव्या गाड्या मांजराच्या पावलांनी येतात, त्यांच्यावर जीव कसा बसणार, असं त्यांचं म्हणणं. बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मी आधी हसणार होते, पण नाही हसले.

जेवताना मामांनी शेडची जुनी रीत सांगितली. शेडमधल्या तारेत वीज सोडणारा मोठा दांडा भिंतीवर आहे. तो ओढण्याआधी 'वर कोण?' असं तीनदा ओरडायचं. इंजिनाच्या टपावर कुणी काम करत असेल तर त्याने 'मी' म्हणायचं. नाव नाही, दुसरा शब्द नाही, फक्त 'मी'. तिसऱ्यांदा विचारूनही उत्तर आलं नाही की दांडा खाली. आता दांड्याला कुलूप असतं, आणि वर जाणारा किल्ली खिशात घेऊन जातो. मामांना त्या कुलपाचा भारी राग. शेवटच्या फेरीच्या दिवशी सगळं जुन्या पद्धतीने करायची परवानगी त्यांनी मिळवली आहे. स्वतः टपावर चढून पेंटोग्राफ पुसणार. पेंटोग्राफ म्हणजे तारेला टेकून वीज घेणारी वरची चौकट. हौसेला मोल नाही, दुसरं काय!

मग मम्याचा किस्सा. टप पुसणारा एक पोरसवदा माणूस, बोलताना अडखळायचा. 'म'वर तर गाडीच अडायची. त्यामुळे खालून विचारलं की वरून म-म-म-म सुरू. दुपारी डबे खाऊन झाले की मामा आणि शेडमधले त्यांचे सोबती दांड्यापाशी जमून मुद्दाम विचारायची. मामांनी हुबेहूब नक्कल केली. मी हसून हसून ताटावर वाकले. मामी मात्र अर्ध्या जेवणातून उठून आत गेली. तो आता कुठे असतो, असं मी विचारलं, तर मामा म्हणाले की गेला तो, आणि ताक मागितलं.

शनिवार, ९ मार्च

पट्टा तिसऱ्यांदा रंगवला. काल दुपारी जेवून आले तर ओल्या रंगात बोटं उमटलेली, टपाच्या कडेखाली, चार आणि चार. कुणी वरून लोंबकळत कड धरली असावी अशी. शेडच्या फिटरवर मी तोंडसुख घेतलं. त्याने शांतपणे मला शिडी दाखवली. शिडीला साखळी, साखळीला कुलूप. तो म्हणाला की टपावर महिनाभर कुणी गेलेलं नाही. आणि शिडीवरून चढणाऱ्याची बोटं अशी उलटी उमटतील का, हेही त्याने विचारलं. बोटांची टोकं खाली होती.

आज पुन्हा तेच. शिवाय आवाज. मावशीच्या पोटात हवा भरणारा पंप असतो, तो सुरू होताना ठेचकाळतो, म-म-म-म असा. मला गंमत वाटली, मम्या आठवला. फिटरला सांगितलं. पंप मागच्या आठवड्यातच काढून दुरुस्तीला पाठवला आहे म्हणे.

मंगळवार, १२ मार्च

मामांना नवीनच खूळ लागलं आहे. 'आम्ही चहा घेऊ.' 'आम्ही जरा पडतो.' मामी म्हणाली की राजेसाहेब, गादी कधी मिळाली? मी तर मुजराच केला. मामा हसले नाहीत. सकाळी मंडळाच्या सभेतही त्यांनी सगळं भाषण 'आम्ही'वर रेटलं. टोपीवाल्यांना ते फार भारदस्त वाटलं, टाळ्या पडल्या.

संध्याकाळी न्हाणीघराचा नळ कितीतरी वेळ वाहत होता. पाणी वाया चाललंय म्हणून दार वाजवायला गेले. नळाच्या आवाजामागून मामांचा आवाज येत होता. म— म— म—. दार न वाजवता परत आले.

गुरुवार, १४ मार्च

आज मामीने सांगितलं. भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

मम्याने मामांकडे विनवणी केली होती की मला 'मी' म्हणता येत नाही, त्याऐवजी पाना टपावर आपटू द्या. मामा म्हणाले की नियम म्हणजे नियम, शब्द तोच. कारण पाना आपटला असता तर मजाच गेली असती. त्या दुपारी चौघं-पाचजण दांड्यापाशी, मामांचा हात दांड्यावर. पहिल्यांदा विचारलं, वरून म-म-म. हसणं. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारून मामांनी दांडा ओढला. घाबरवायचं म्हणून थोडासा ओढायचा होता, पण तो दांडा थोडासा ओढला जात नाही. मामी रिकामा डबा न्यायला फाटकापाशी पोचली होती. तिला आधी हसणं ऐकू आलं, मग ते एकदम थांबलं. मम्या याच मावशीच्या टपाच्या कडेला उलटा लोंबत होता.

चौकशीत मामा म्हणाले की मी तीनदा विचारलं, उत्तर आलं नाही. बाकीच्यांनी मान डोलावली. नियम पाळला होता, सुटले. मामी गप्प राहिली. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणाली आणि मग रडली.

पुढे दांड्यापाशी हसलेल्या एकेकाची वाचा गेली. आधी 'मी' अडायचा म्हणून 'आम्ही आम्ही' करायचे, मग सगळंच अडायचं, मग माणूसच जायचा. आता फक्त मामा उरलेत.

मी त्या किश्श्यावर ताटावर वाकून हसले होते. 

शुक्रवार, १५ मार्च

मामांना तोंडावर विचारलं. ज्या माणसाने मला सायकल शिकवली, पडले तेव्हा गुडघ्यावर फुंकर घातली, त्याच्याशी मी आज अशी बोलले की मामीने कानांवर हात ठेवले. ते एवढंच म्हणत राहिले की आम्ही तीनदा विचारलं.

मी म्हटलं की चोवीस तारखेला सगळ्यांसमोर खरं सांगा. तोंडाने येत नसेल तर मी पाटी रंगवून देते, 'त्याला मी मारलं', ती नुसती धरून उभे राहा. फुकट रंगवते. त्यांनी माझा ब्रश उचलून भिंतीवर फेकला. हिरवा ओघळ अजून तसाच आहे.

त्यांचा बेत वेगळाच आहे. त्या टपावर उभं राहून एकदा, एकदाच, स्वच्छ 'मी' म्हणायचं. मग सुटका होईल म्हणे. माफी नको, कबुली नको, नुसता उच्चार! सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही.

खोटं कशाला लिहू, माझं मन मम्याच्या बाजूने आहे.

मंगळवार, १९ मार्च

बोटं आता पट्ट्यावर नाहीत. पट्टा कोरडा, स्वच्छ. बोटं माझ्या खिडकीच्या चौकटीवर, वरच्या बाजूला. हिरवी.

शेडमध्ये दुपारी हसणं ऐकू येतं. चार-पाच पुरुषांचं, पोट धरून. दांड्यापाशी कुणी नसतं. फिटरने बदली मागितली.

मामा चहाला 'नको' एवढंच म्हणतात.

शुक्रवार, २२ मार्च

टपाखाली उभी होते. वरून कुजबुज आली. भीती वाटायला हवी होती, पण आधी कीवच आली. बिचारा अजून उत्तर द्यायचा प्रयत्न करतोय. मी हळूच म्हटलं की आहेस तू, कळलं मला. ऐकलं मी.

कुजबुज थांबली. मग हसला. तो — मम्या — हसला. अडखळत.

त्याला ते नकोय. कळून घ्यायला कुणी नकोय त्याला. त्याला —

शनिवार, २३ मार्च

मामा मला म्हणाले, हाताने खुणा करून, की उद्या दांड्यापाशी तूच. दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. कितीही वेळ लागला तरी. तू ओढणार नाहीस.

नाही म्हटलं. मामीने पाय धरले त्यांचे. पत्रिका वाटल्यात, फोटोवाले येणार. कुलूप लावू द्या म्हटलं. नाही. जुन्या पद्धतीने.

शेवटी हो म्हटलं. दुसऱ्या कुणी ओढला तर? मी असले तर ओढणार नाही. विचारणारच नाही. ते वर उभे राहतील, त्यांचं ते म्हणतील, उतरतील.

रविवार, २४ मार्च

बाहेर फलाटावर गर्दी, वाजंत्री. शेडमध्ये मी एकटी. मामा वर. चढताना माझ्याकडे बघून हसले, सायकल सोडताना हसायचे तसे.

वही दांड्याच्या पेटीवर ठेवून लिहितेय. डावा हात दांड्यावर आहे. मी नाही ठेवला. आता निघत नाही.

विचारायचं नाही ठरवलं होतं. माझ्याच तोंडाने विचारलं. वर कोण.

वरून म— म— म—. मामांचा आवाज. लवकर बोला, मामा —

हसताहेत. माझ्या मागे. खांद्याशी. वळून बघत नाही.

दुसऱ्यांदा विचारलं. तोंड दाबून धरलं तरी. वरून दोन आवाज — एक अडखळतोय, आणि दुसरा स्वच्छ, एकदम स्वच्छ, त्याच्या कानाशी सांगतोय, म्हण ना, म्हण ना, म्हण —

अजून एकदा उरलंय. दात आवळलेत. ओठ चावलाय, रक्त. लिहीत राहिले तर तोंड उघडणार नाही. लिहीत राहायचं. काहीही. हिरवा रंग. सायीचा पट्टा. मामा म्हणा. एवढासा शब्द. मामा चुकलो म्हणा, तेच म्हणा, त्यात म येत नाही, चुकलो, चुकलो म्हणा तरी — मामा नुसतं चुकलो —

नाही म्हणत. अजून तेच. म— म—

लिहीत राहायचं. तोंड बंद आहे. तोंड बंद आहे माझं. मी विचारलेलं नाही. हा हात — उजवा — मी हे नाही लिहीत — वर को