अस्सल रोकाफोस्काचा

ती. लेआर्कोदादास,

धाकट्या नाझारेनाचा वाकून नमस्कार (वाकते खरी, पण पुन्हा सरळ व्हायला टेबल धरावं लागतं). खाणीतून आणलेला तुझा खोकला उन्हाळ्यात तरी गप्प बसतो का? गोदेलीव्हवहिनींना सांग, त्यांची बिस्किटं माझ्या बारमध्ये ठेवली होती, ती दुपारपर्यंतही टिकली नाहीत. इथे सगळं ठीक आहे, माझा गुडघा सोडून.

पत्रास कारण तूच. मागच्या पत्रात तू चार पानं एकच रडगाणं गायलास: आपल्या मोठ्या फुटबॉल क्लबांत अकरांतले नऊ परके, गोलरक्षकाला बचावपटूशी बोलायला दुभाषी लागतो, मग विश्वचषकाच्या वेळी आपला राष्ट्रीय संघ घरी बसणार नाही तर काय! हे पत्र मी बारमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिथेच चुकले, कारण ऐकणाऱ्यांत देरिओ होता. (खाटकांचा थोरला. तू बेल्जियमला गेलास तेव्हा रांगत होता. आता आपल्या क्लबचा अध्यक्ष आहे. मी चिटणीस, आणि जर्सी धुणारीही मीच.) त्याने काउंटरवर अशी मूठ आपटली की कॉफीचे कप नाचले. "परदेशात राहून लेआर्कोला दिसतं ते आपल्याला दिसत नाही! यापुढे आपल्या संघात रोकाफोस्कात जन्मलेलाच खेळेल! मिलान-रोमवाल्यांनी येऊन शिकावं!" कमिटीचे सातही जण तिथेच बसले होते. सात हात वर गेले. खोटं कशाला बोलू, माझाही गेला. दादा, अशा वेळी छाती फुगते आणि डोकं रिकामं होतं.

नेमका तेव्हा दारात इद्रिस उभा होता. इद्रिस लाहलू, आपला डावा बचावपटू, वय वीस. बाप ब्राहिम बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवतो. खांद्यावरची पिशवी खाली ठेवून त्याने विचारलं, "मग मी रविवारी येऊ ना, नाझारेनामावशी?" देरिओ म्हणाला, "तुझं जरा वेगळं आहे रे पोरा. तुझे कागद अजून आले नाहीत ना." हे खरं होतं. अठराव्या वर्षी त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला होता, पण त्यासाठी लहानपणापासून सलग इथेच राहिल्याची नोंद लागते, आणि मध्ये एकदा घर बदलताना ब्राहिम पत्ता नोंदवायला विसरला, म्हणून सरकारी वहीत पोरगा एक वर्ष गायब. दोन वर्षं फाइल त्या एका वर्षात रुतून बसली होती. इद्रिस "बरं" म्हणाला आणि पिशवी उचलून गेला. त्याने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी जेवले नाही (तुला ठाऊक आहे, हे माझ्या बाबतीत दर दहा वर्षांनी एकदा घडतं). दुसऱ्या दिवशी देरिओला घेऊन नगरपालिकेत गेले. म्हटलं, नियम केलाय तर रीतसर पाळू, प्रत्येकाचा जन्मदाखला बघू. देरिओ खूश. कारकून ओत्ताव्हियाने चष्मा चढवला आणि अठरा नावं वाचायला घेतली. पहिला: जन्म पोंतेलूचो. दुसरा: पोंतेलूचो. पाचव्या नावापर्यंत देरिओचा रंग वासराच्या कलेजीसारखा झाला. पोंतेलूचो, दादा! ज्या गावाशी आपण तीनशे वर्षं बोलत नाही (लग्नं लावतो, पण बोलत नाही), ते!

"आणि माझा तार्चिझिओ?" त्याने विचारलं. तार्चिझिओ त्याचा मुलगा, आपला स्ट्रायकर.

"पोंतेलूचो," ओत्ताव्हिया म्हणाली. "तुमची मुलगीसुद्धा. इथलं प्रसूतिगृह बंद होऊन चाळीस वर्षं झाली, देरिओ. बायकोला तुम्हीच गाडीतून घेऊन गेला होता ना?"

"घेऊन गेलो होतो, पण ते... ते नुसतं जाऊन यायला!"

सतरा जण पोंतेलूचोचे निघाले. अठरावं नाव वाचताना ओत्ताव्हिया थांबली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "लाहलू, इद्रिस. जन्म रोकाफोस्का."

मला वाचून दाखवायची गरजच नव्हती, मी तिथे होते! त्या फेब्रुवारीत गळ्याएवढा बर्फ पडून घाटातला रस्ता बंद झाला होता. त्याच्या आईला, नाइमाला, कळा सुरू झाल्या, ब्राहिम तिला घेऊन माझ्या बारपर्यंत पोहोचला आणि गाडी तिथेच अडली. गावात डॉक्टर एकच, तोही गुरांचा. बिलियर्डच्या टेबलावर चार चादरी अंथरल्या आणि कॉफीच्या मशीनमधून गरम पाणी काढलं. पोर बाहेर येताच गुरांचा डॉक्टर सवयीने म्हणाला, "खोंड आहे, पाय दणकट!" वीस वर्षांत इतकं खरं भविष्य आपल्या पाद्रीबुवांनीही सांगितलं नाही.

देरिओ नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसला. मग म्हणाला, "नाझारेना, म्हणजे आपल्या संघात आपला असा एकटा तोच?" मी म्हटलं, "नियम तुझाच आहे." त्याने ठरावाचा कागद खिशातून काढून फाडला, आणि थेट बुटांच्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन सुट्टीची वाट बघत उभा राहिला. ब्राहिमशी तो काय बोलला ते मला माहीत नाही. पण माणूस हट्टी असला की एकदा बाजू बदलल्यावर फार उपयोगी पडतो. क्लबच्या कपाटातून आम्ही सहाव्या वर्षापासूनचे इद्रिसचे सगळे संघाचे फोटो आणि नोंदणीची कार्डं काढली. गायब असलेल्या वर्षातला फोटोही सापडला: पुढच्या रांगेत, समोरचे दोन दात पडलेले, हातात बॉल. त्याच वर्षीचा शाळेचा दाखला आणि लसीचं कार्ड नाइमाने जपून ठेवलं होतं. सगळं घेऊन देरिओ जिल्ह्याच्या कचेरीत तीनदा गेला, आणि तिसऱ्यांदा म्हणे "आमचा पोरगा" म्हणून ओरडला म्हणून त्याला बाहेर बसवलं.

मधल्या काळात पोंतेलूचोचा संघ आपल्या मैदानावर आला. खालच्या गटात घसरायचं नसेल तर आपल्याला एक गुण हवा होता. त्यांच्या गर्दीतून कुणीतरी ओरडला, "जा रे आपल्या घरी!" इद्रिस थ्रो टाकायला बॉल घेऊन उभा होता. त्याने आपल्या गावच्या ठसकेबाज बोलीत उत्तर दिलं, "घरीच आहे की रे! पाहुणा तू आहेस, बूट पुसून आत ये!" दादा, आपली सगळी बाकं उभी राहिली, आणि पोंतेलूचोवालेही हसले. शेवटची दहा मिनिटं उरली असताना त्याने डावीकडून क्रॉस दिला, तार्चिझिओने डोकं लावलं, एक-एक बरोबरी! देरिओने आधी इद्रिसला मिठी मारली आणि मग मुलाला.

अखेर कागद आले, आणि परवा शनिवारी इद्रिसने नागरिकत्वाची शपथ घेतली. महापौरबाईंनी तिरंगी पट्टा घातला होता, ब्राहिमने लग्नातला कोट. इद्रिसने शपथ आईकडे बघत घेतली. राष्ट्रगीत सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्याला आख्खी कमिटी नुसते ओठ हलवायला लागली. शब्द येत होते एकट्या इद्रिसला. देरिओने ताटभर घरची सॉसेजं आणली होती. डुकराची आहेत हे आठवताच ताट झेंड्यामागे लपवलं, आणि नंतर एकट्याने सगळी संपवली, रडत रडत. नाइमाच्या बदामाच्या वड्या आम्ही बाकीच्यांनी.

आता तू म्हणतोस परके आणि आपले. तू सतराव्या वर्षी तिकडे खाणीत उतरलास, तेव्हा तिथल्या दारांवर 'इटालियनांना खोली मिळणार नाही' अशा पाट्या होत्या, हे तूच मला लिहिलं होतंस. ते पत्र अजून माझ्याकडे आहे. जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की आपल्या गावाचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

खोकल्याला जप.

तुझीच,
नाझारेना

ता. क. खरं कारण आता लिहिते. आपला गोलरक्षक लग्न करून घरजावई झाला, पोंतेलूचोत! तुझा नातू लॉरिस तिकडे गोलमध्ये उभा राहतो म्हणे, उंचीही चांगली आहे. दोन हंगामांसाठी पाठव ना. राहायची सोय माझ्याकडे. इटालियनचा एक शब्द येत नसला तरी काळजी नको, इद्रिस शिकवेल. कमिटीत मी "अस्सल आपलं रक्त" असं सांगून ठेवलंय.

ता. ता. क. देरिओला पत्र लिहिशील तेव्हा एक गोष्ट चुकूनही लिहू नकोस. आई कोंबड्या विकायला बाजारात गेली असताना माझा जन्म कुठल्या गावात झाला, हे आता जगात फक्त तुलाच ठाऊक आहे. ओत्ताव्हियाने खेळाडूंचे दाखले पाहिले, चिटणिसांचा नाही.