मागचा डावा सड

४ नोव्हें.
आक्काची गाय आली. माझी तांबडी पाडी तिला, तिची दुभती गाय मला. सख्ख्या बहिणींची अदलाबदल. हे म्हणाले, "चारी सडांची धार हातावर घेऊन बघितलीस न्हवं?" परक्याची गाय असती तर बघितलीच असती. पण आक्काच्या गोठ्यात, तिच्यासमोर? लाज वाटली. नाही बघितली.

९ नोव्हें.
दूध कमी. चवीला खारट. कासेला सूज नाही, ताप नाही, वैरण नीट खाते. निपाणीच्या डॉक्टरांना फोन.

१० नोव्हें.
डॉक्टरांनी चार खणांच्या ताटलीत चारी सडांचं दूध घेतलं, जांभळं औषध घातलं. तीन खण पातळ. मागच्या डाव्या सडाचं दूध शेंबडासारखं घट्ट.
"जंतू आत शिरल्यात वैनी. त्येंच्याशी झुंजायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुधात उतरल्यात, म्हणून घट्ट. झुंज जुनी हाय. आत गाठ धरलीया, दोन-तीन म्हैन्यांची तरी."
गाय येऊन सहा दिवस झालेत. सड वाचेलच असं नाही म्हणाले.

११ नोव्हें.
आक्काला फोन. "दूध बिघडलंय" एवढंच बोलले, पुढं जीभ रेटली नाही. ती म्हणाली, "माझ्याकडं ठणठणीत हुती गं. तुझ्या हाताची सवय न्हाय तिला." ऐकून बरंच वाटलं, चूक माझीच असली तर आक्का खोटी ठरत नाही! दिवसभर स्वतःच्या हाताला नावं ठेवली.

१३ नोव्हें.
सकाळच्या बसनं आक्का आली. डब्यात कोरफड, हळद, चुन्याचा लेप. हातपाय धुऊन थेट गोठ्यात. काही न विचारता मागच्या डाव्या सडाला हात घातला. बाकीच्या तिन्हींना बोटसुद्धा लावलं नाही.
"ह्योच सड कसा कळला गं?"
हात थांबला. "अंदाजानं."
हिच्याच मांडीवर बसून मी धार काढायला शिकले. राग आला, रडू आलं, दोन्ही गिळलं. मुकं जनावर आतल्या आत झुंजत होतं, आणि हिनं ते माझ्या दावणीला बांधलं.
जेवताना म्हणाली, "तुझी पाडी लई गुणाची हाय." माझं जेवण तिथंच संपलं.

१५ नोव्हें.
आक्का अजून इथंच. पाच दिवस लेप लावल्याबिगर जाणार नाही म्हणते. डॉक्टरांची इंजेक्शनं चालूच. गाठ किंचित मऊ वाटते, की मला तसं वाटायला हवंय? गाय तिच्यापाशीच शांत उभी राहते, याचाही राग येतो.
आज विचारलंच. "कधीपास्नं म्हाईत हुतं?"
मान वर न करता म्हणाली, "आधी सड वाचू दे."