पाध्ये बाईंना सगळं सांगितलं

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५. शहापूर.
एजंटचं सर्टिफिकेट फ्रेम करून ऑफिसात लावलं. ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. जमिनीबद्दल जे माहीत आहे ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, विचारायची वाट बघायची नाही. मी मुळात तसाच आहे. आता सुरुवात करायची.

सोमवार, ६ ऑक्टोबर
डोंबिवलीच्या पाध्ये बाई आल्या. बँकेतून रिटायर, एकट्या. खर्डीजवळचा आमचा एनए प्लॉट दाखवला. घर बांधून कायमचं राहायचं म्हणतात. सगळं सांगितलं. साप निघतात. बिबट्या दिसतो. तानसा धरण इतकं जवळ, तरी एप्रिलपासून टँकर. रेंज फक्त आंब्याखाली. मालक मीच, हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "इतकं खरं बोलणारा एजंट पहिलाच भेटला."
सुरेखाचं सांगायचं राहिलं. सुरेखा माझी बहीण, मुरबाडला दिलेली. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं एकट्याचं नाव लागलं, तिचं राहिलं. मुद्दाम नाही. नोंदीला मी एकटाच गेलो होतो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
बाईंचा फोन. प्लॉट पक्का. त्यांचे वकील विचारतात, आणखी कुणाचा हक्क आहे का. मी म्हटलं, घरात मी आणि बायको, जयश्री. खरं तेच सांगितलं. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर चिखल होतो, हे आपणहून सांगितलं.

रविवार, १२ ऑक्टोबर
सुरेखा भातकापणीला आली. भाऊबीजेपर्यंत राहणार. संध्याकाळी विळा धुताना म्हणाली, "दादा, आंब्याकडला तुकडा इकतोस म्हनं?" मी म्हटलं, बघू. "माजी सही लागंल ना? करीन मी. तू नुसतं इचार." मी म्हटलं, त्यात काय विचारायचं. ती म्हणाली, "तेच तर."
उद्या सकाळी विचारणार.

सोमवार, १३ ऑक्टोबर
विचारलं नाही. ती चहा पीत होती.
शिवाय आज विचारलं, तर तिचा हक्क होता असं होईल. इतकी वर्षं नव्हता.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
विचारलं नाही. ऊन फार होतं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
बाई न कळवता प्लॉट बघायला आल्या. नंतर घरी आणलं. सुरेखाने चहा दिला. बाईंनी विचारलं, या कोण? मी म्हटलं, आमच्या मुरबाडच्या.
सुरेखाने रिकामा ट्रे उचलला. म्हणाली, "हां, मुरबाडची. कापनीला आलीय." मग बाईंना विचारलं, साखर बरोबर आहे ना.
बाई गेल्यावर तिने पिशवी भरली. भात अर्धं उभं आहे. जयश्री म्हणाली, "जा, थांबवा तिला." मी म्हटलं, निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. जयश्री म्हणाली, "मग पुढं जाऊन उभे ऱ्हावा."
चप्पल सापडेपर्यंत एसटी गेली.

सोमवार, २० ऑक्टोबर
सुरेखासाठी साडी घेतली. मोरपंखी. तिचा रंग.
भाऊबीजेला साडी देतानाच विचारणार. तिने हो म्हटलं की बाईंना सांगणार. की आधी बाईंना सांगायचं? एवढंच ठरायचं आहे. बाकी सगळं ठरलं आहे.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज.
सकाळी मुरबाडला फोन केला. भाची भूमिकाने उचलला. मी म्हटलं, आई निघाली का. तिने आत जाऊन विचारलं, परत आली. "आई म्हनते, मुरबाडच्या लय बाया हायेत. तुमाला कोनची पायजे?"
जयश्रीने तरी पाट मांडला.
दुपारी दारात गाडी. पाध्ये बाई. हातात ताट, नवं निरांजन. म्हणाल्या, मला भाऊ नाही, तुम्हाला बहीण नाही. तुमच्यासारख्या माणसाला ओवाळावंसं वाटलं.
मी पाटावर बसलो.
ओवाळताना म्हणाल्या, "मग वकिलांना कळवते, दुसरं कुणी हक्क सांगणारं नाही." टिळा लावताना माझी मान मागे गेली होती, ती पुढे आली. बाईंना तो होकार वाटला असेल. सांगणारच होतो. त्यांनी तोंडात करंजी घातली.
ताटात काहीतरी घालायला हवं होतं. जयश्री आत गेली. मोरपंखी साडी आणून माझ्या हातात दिली.
बाईंना रंग फार आवडला. पहिल्या धुण्यात जातो, वेगळी धुवा, हे मी त्यांना आपणहून सांगितलं.