मैना हाती लागत नाही

मार्गशीर्ष शुद्ध ३, सोमवार

आजही नाही! सबंध सकाळ बागेत नुसती पळापळ. महँगू गाडीवान, त्याचा भाऊ, माळी आणि समोरचा पानवाला — चार बाप्ये, एक दोर, आणि मधोमध ही महाराणी. चौघं जवळ येईपर्यंत शांत उभी राहते, गवत चघळते. हात पोचणार तेवढ्यात अशी गिरकी घेते की आज पानवाला थेट चिखलात बसला. महँगू म्हणतो, "ई घोड़ी ना हौ बहिनजी, हवा हौ." मला आधी हसू आलं, मग रडू आलं. तोवर तिकडे मैदागिनच्या चौकात मुली गाडीची वाट बघून आपापल्या घरी परत गेल्या होत्या.

शाळा दूधविनायकात होती तेव्हा बरं होतं. दोन गल्ल्या ओलांडल्या की मुलगी वर्गात. घरमालकाने जागा परत मागितली, कमिटीने नाटी इमलीजवळची ही बाग दिली. हवा छान, विहीर छान, झाडं छान — पण ब्रह्मा घाटावरची मुलगी भर बाजारातून इथवर चालत कोण पाठवील? म्हणून शिगराम, चारी बाजूंनी पडदे लावलेला. त्याचा म्हातारा घोडा दिवाळीत गेला. आता मैना आहे. गाडीला उत्तम चालते म्हणे. फक्त आधी ती सापडायला हवी.

मार्गशीर्ष शुद्ध ४, मंगळवार

जेवताना दादाला म्हटलं, दुसरा घोडा नाही का बघता येणार? दादाने फक्त मान हलवली. वहिनी म्हणाली, "वन्सं, त्यांच्या घशात आधीच एक घोडी अडकलीय, दुसरी कशाला?"

खरंच अडकलीय. माळव्याकडच्या एका जहागीरदारीणबाई नवऱ्याचं क्रियाकर्म करायला दादाकडे उतरल्या होत्या. लोक घोड्याच्या दानाच्या नावाने सुपारीवर पाणी सोडतात, झालं. या बाईंनी खरीच घोडी आणली. नवऱ्याची लाडकी, अंगावर झूल, दशाश्वमेधावरच्या रस्त्यात उभी! घोड्याचं दान जड, घेणाऱ्याला दोष लागतो. आमचे बिंदुमाधवभट, म्हणजे दादाच, नाही म्हणता म्हणता हो म्हणून बसले. मग प्रायश्चित्त. दान म्हणून विकायची नाही, दोष म्हणून दारात ठेवायची नाही. शेवटी दादा मला म्हणाला, "अंबे, शाळेला घेऊन जा. विद्येच्या कामी लागली तर माझं ओझं उतरेल."

दादाचं ओझं उतरलं. ते आता माझ्या डोक्यावर आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ८, शनिवार

कमिटीचा निरोप आला. वसंतपंचमीपर्यंत गाडी सुरू झाली नाही तर शाळा मोडायची. मुलीच येत नाहीत तर शाळा कोणासाठी, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं तरी कसं म्हणू?

वर्गात आज तीन मुली. तिघीही बागेच्या शेजारच्या. आमच्या मराठी घरांतली एकही नाही. वेणीमाधवशास्त्र्यांची शरदिनी नाही याचं सर्वांत वाईट वाटतं. दहा वर्षांची पोर, त्रैराशिकं तोंडी करते. शास्त्रीबुवा साफ म्हणाले, "गाडी येईल तर पाठवीन. बाजारातून नाही."

मला राग कोणाचा येतो तेच कळत नाही. घोडीचा म्हणावा तर ती जनावर.

मार्गशीर्ष शुद्ध १२, बुधवार

दोर पाठीमागे लपवून, पदरात हरभरे घेऊन गेले. मैनाने मान लांब करून हरभरे खाल्ले — पाय मात्र जिथल्या तिथे, शरीर सगळं मागे, पळायच्या तयारीत. मी दोराचा हात पुढे आणला आणि बाईसाहेब बागेच्या दुसऱ्या टोकाला. दोर पाठीमागे आहे हे तिला कसं कळतं? माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं की काय?

मार्गशीर्ष वद्य १, रविवार

रविवार, शाळा नाही. तरी बागेत गेले. चौघांनी धरायचं बंद, असं महँगूला बजावलं. तो खूश झाला, त्याला तेवढीच फुरसत.

दोर नेलाच नाही. विहिरीच्या कट्ट्यावर घोडीकडे पाठ करून बसले आणि मुलींच्या वह्या तपासल्या. बऱ्याच वेळाने कानामागे ऊन ऊन फुंकर आली. हलले नाही. वहीवर तिची लाळ पडली, एकीचं सगळं शुद्धलेखन पुसलं गेलं. तरी हलले नाही! मग वह्या आवरल्या आणि तिच्याकडे न बघता निघून आले. फाटकाशी वळून पाहिलं तर ती कट्ट्यापाशी उभी राहून मी गेले त्या बाजूला बघत होती.

आज जेवण गोड लागलं.

मार्गशीर्ष वद्य ६, शुक्रवार

आता माझा नेम असा — जायचं, मानेवर खाजवायचं, आणि ती कंटाळायच्या आत आपणच निघून यायचं. ती जायच्या आधी मी जायचं. याची तिला इतकी गंमत वाटते की ती मागून येते. मी थांबले की थांबते.

महँगूला वाटतं बहिनजींचं डोकं फिरलं. "पकड़ब कब?" म्हणून रोज विचारतो. पकडायचं नाही हेच तर चाललंय, हे त्याला कसं सांगू.

पौष शुद्ध १, रविवार

दोर गळ्यात घातला, लगेच काढला, हरभरे दिले. पुन्हा घातला, पुन्हा काढला. घालताना कातडं थरथरतं, काढला की सुस्कारा सोडते. मीही सोडते!

पौष शुद्ध ५, गुरुवार

सत्यानाश. मी म्होरकी चढवत होते, मैना शांत होती, आणि महँगू मागून धावत आला आणि दोर धरून ओढला. "मिल गइल!" म्हणून ओरडला. मैना दोन पायांवर उभी राहिली, महँगू चिडून तिच्या तोंडावर दोराचा फटका मारून मोकळा. ती सुटली. संध्याकाळपर्यंत माझ्याही जवळ आली नाही.

महँगूला इतकं बोलले की माळ्याने येऊन मला आवरलं. आता फाटकाच्या आत त्याने पाऊल टाकायचं नाही. घोडीला हात लावीन तर मीच.

घरी येऊन वहिनीवर विनाकारण ओरडले. तिने शांतपणे ताट वाढलं आणि म्हणाली, "एक सांगू? राग नका मानू. तुम्ही आमच्या गल्लीत शिरलात ना, की बायका दारं लावून घेतात. म्हणतात, आल्या मास्तरीणबाई, आता मुलगी मागतील. घोडीला निदान चणे तरी देता."



पौष शुद्ध ११, बुधवार

मैना परत येऊ लागली. पुन्हा कट्ट्यापासून सुरुवात. जाऊ दे, ज्याने बिघडवलं त्याला दोष देऊन ती जवळ येत नाही.

वहिनीचं बोलणं डोक्यातून जात नाही. खरं आहे. मी कोणाकडे गेले की बसायच्या आधीच शाळेचा विषय काढते. शरदिनीची आई मला बघून स्वैपाकघरात पळते. मी बाहेरून भाषण चालू ठेवते! कोण थांबेल?

पौष शुद्ध १३, शुक्रवार. संक्रांत

हळदीकुंकवाला मला कोण बोलावणार, मोकळ्या कपाळाची बाई. दर वर्षी या दिवशी मी दार लावून घेते आणि वाचत बसते. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू. यंदा मात्र सकाळीच तिळगुळाचा डबा घेऊन निघाले. ब्रह्मा घाट, दूधविनायक, सगळी घरं. तिळगूळ दिला, पोरांची विचारपूस केली, आले. शाळेचं अक्षर काढलं नाही. दोन ठिकाणी जीभ चावली, पण नाही काढलं.

शरदिनीच्या आईने दार अर्धं उघडलं. तिळगूळ घेतला. मी निघाले तशी म्हणाली, "बसत नाही का?" म्हटलं, "नाही, पुन्हा येईन." ती दारातच उभी राहिली, मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

पौष वद्य ३, बुधवार

मैनाला पूर्ण साज चढवला. लगामासकट! मी, माळी आणि घासू नयेत म्हणून गाडीच्या दोन्ही दांड्यांना गुंडाळलेली जुनी घोंगडी. शिगरामाला जोडली, बागेत फेरे मारले. मी लगाम धरून पुढे चालत होते. तिने एकदाही कान मागे टाकले नाहीत. तिसऱ्या फेऱ्याला मी वर चढून बसले. अजब वाटलं! सगळं उंचावरून दिसतं. फाटकाबाहेरून महँगू ओरडून सांगत होता, लगाम ढिला ठेवा, ओढू नका. तेवढं मात्र बरोबर सांगत होता.

पौष वद्य ९, मंगळवार

रोज भल्या पहाटे बागेबाहेरच्या मैदानात फेरे. लोक उठायच्या आत आम्ही परत. वळवणं जमतं, थांबवणं जमतं. बाजूने रिकामे एक्के खडखडत गेले तरी मैना बिचकत नाही.

आज शरदिनीची आई स्वतः घरी आली, लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन. वहिनीशी बोलली, माझ्याशी बोलली. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "गाडी वसंतपंचमीला येणार म्हणतात, ते खरं का?" मी म्हटलं, "खरं." ती म्हणाली, "शरदिनीने दप्तर धुऊन ठेवलंय. यांना मी सांगते." मला तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. लोणचं छान आहे म्हटलं.

माघ शुद्ध १, मंगळवार

पाच घरांनी हो म्हटलं! मुली सकाळी मैदागिनवर उभ्या राहतील. शास्त्रीबुवा स्वतः शरदिनीला घेऊन येणार, गाडी डोळ्यांनी बघून मगच चढवणार. बघा म्हणावं, खुशाल बघा.

माघ शुद्ध ४, शुक्रवार

मी मूर्ख आहे. महामूर्ख.

आज सकाळी सगळी तयारी झाली. मैनाला साज चढवला, शिगराम जोडला, पडदे धुतलेले लावले. महँगूला आत बोलावलं, म्हटलं, चल, चढ, एक फेरा मार, उद्या तुलाच हाकायचंय. तो दोन पावलं पुढे आला आणि मैनाचा सगळा नूर पालटला. डोळे पांढरे, शरीर तिरपं, गाडी कलंडायची बाकी होती. मी मानेवर हात ठेवला तशी गप्प झाली. तो मागे गेला. पुन्हा पुढे आला, पुन्हा तेच. हरभरे घेऊन आला, तरी तेच. गूळ घेऊन आला, तरी तेच. दुपारपर्यंत हेच. शेवटी बिचारा हात जोडून म्हणाला, "हमके देखते भड़कत हौ, बहिनजी. आप ही हाँकीं. सिकरौल में त मेम लोग रोज हाँकत हईं."

सिकरौलच्या गोऱ्या छावणीतल्या मडमा! त्यांना कोण विचारतंय. मी ब्रह्मा घाटावरच्या भटाघरची विधवा बहीण.

सगळ्या दुनियेला सांगत होते, घोडी शिकली, घोडी शिकली. ती शिकली फक्त माझ्याकडे यायला. माळी सोडला तर दुसऱ्या कोणाला फाटकाच्या आत येऊच दिलं नाही मी. रागात, आणि खरं सांगायचं तर थोडं ताठ्यातही. ती माझ्यामागे येते याचा मला किती आनंद व्हायचा!

उद्या गाडी नाही गेली तर शास्त्रीबुवा मुलीला घेऊन वळतील, आणि त्यांच्यामागे बाकीचे चौघंही. मग शाळा संपली.

जेवताना सांगून टाकलं. म्हटलं, "दादा, उद्या गाडी मी हाकणार." वहिनीच्या हातून पळी पातेल्यात पडली. दादा भात कालवत राहिला. मी म्हटलं, "तुझे यजमान पुण्यासाताऱ्यापासून येतात. त्यांच्या कानावर जाईल. मला कळतं. पण मला दुसरं काही सुचत नाही." दादाने भात संपवला, हात धुतले, पगडी-उपरणी असतात त्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

दादाचं न बोलणं म्हणजे नाही. लहानपणापासून माहीत आहे मला. मी विधवा होऊन आले तेव्हा सगळ्यांशी भांडून त्यानेच मला अक्षरं शिकवली. त्याच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. उद्या जाणार आहे. 

माघ शुद्ध ५, शनिवार. वसंतपंचमी

बागेत पोचले तर दादा आधीच तिथे. पगडी, रेशीमकाठी उपरणं, मोठ्या यजमानाकडे जायचा सगळा थाट. मैना माझ्यामागून आली तसा घाबरून झाडाआड गेला. मी साज चढवला. तो शिगरामाला लांबून वळसा घालून आला आणि हाकणाऱ्याच्या बैठकीवर चढून बसला. म्हणाला, "तू हाक. मी शेजारी बसलो की कोणाची काय बिशाद."

सबंध रस्ता एका हाताने कठडा धरून तो संध्येतली नावं पुटपुटत होता. चौकात लोक थांबून बघत होते. मैदागिनवर पाच मुली उभ्या होत्या. वेणीमाधवशास्त्र्यांनी आधी मला पाहिलं, मग दादाला. दादाने त्यांना नमस्कार केला. शास्त्रीबुवांनी पडदा बाजूला करून शरदिनीला आत बसवलं, मग बाकीच्या चौघींनाही त्यांनीच हात देऊन चढवलं.

"चल, अंबे," दादा म्हणाला. "मुली बसल्या."