पहिल्या हाकेला ओ

पुणे, नोव्हेंबर १९८६

ती. आईस उल्काचा नमस्कार,

मी मजेत आहे. खोकला गेला. काजू पोचले, अर्धे प्रयोगशाळेतच संपले.

तू विचारतेस, दिवसभर करतेस तरी काय? अगं, जिवाणूच्या अंगावर पातळ पापुद्रा असतो, त्यात प्रथिनांची दारं असतात. मी अभ्यासते ते दार लोह आणणाऱ्या रेणूलाच उघडतं, तेही आकार ओळखून. आम्ही त्या रेणूला विष चिकटवतो. दाराला तो ओळखीचाच वाटतो. जिवाणू स्वतःची ताकद खर्चून विष आत ओढतो आणि मरतो. ज्यांचं दार बिघडलेलं, तेवढे वाचतात.

दिवेलागणीनंतर तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही, भूत तिसरी हाक मारत नाही, हे तूच शिकवलंस ना? मग दादाच्या पहिल्याच हाकेला कडी कशी काढलीस? तो जेवत नाही, नुसता तुझ्याकडे बघत बसतो, असं लिहिलंयस.

आई, घाबरू नकोस. दादा तुझ्याकडे राजापूरला यायला निघालाच नाही. ताप आला म्हणून इथे माझ्याकडेच पडून आहे.

पत्र मोठ्याने वाचू नकोस. तशीच उठून शेजारी तुळसाकाकूंकडे जा. मागून माझ्या आवाजात तीन हाका आल्या, तरी ओ देऊ नकोस.

तुझीच,
उल्का